बोटीवरचा नाताळ : पैसे सजावटीचे की तारखेचे?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांचा सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला, की घरात एक चर्चा हमखास सुरू होते. थंडी वाढण्याआधी परतायचे, की नाताळची सुटी नातवंडांबरोबर घालवून मगच विमानात बसायचे? आणि थांबायचेच असेल, तर न्यू जर्सीच्या गारठलेल्या घरात खिडकीबाहेर पाहत बसण्याऐवजी फ्लोरिडाहून सुटणाऱ्या नाताळच्या बोटीवर सर्वांनी मिळून का जाऊ नये? नातवंडांचे उत्तर आधीच तयार असते. मुलगा आणि सून यांना वर्षातून एकदा तरी स्वयंपाक, भांडी आणि गाडी चालवणे यांतून सुटका हवी असते. आजोबा मात्र भाड्याचा आकडा ऐकतात, मनातल्या मनात त्याला नव्वदने गुणतात आणि गप्प बसतात. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडल्यापासून हा गुणाकार अधिकच बोचू लागला आहे.

आजोबांचे गप्प बसणे हा कंजूषपणा नव्हे. ज्या पिढीने सहल म्हणजे एस.टी., धर्मशाळा आणि बरोबर बांधून घेतलेल्या दशम्या असा हिशेब आयुष्यभर केला, त्या पिढीचा प्रश्न साधा असतो : हे पैसे नेमके कशाचे? जाहिरातीच्या गुळगुळीत पानांवर त्याचे उत्तर सापडत नाही. ते मिळणे अवघड नाही. मात्र त्यासाठी हा धंदा कसा चालतो ते थोडे पाहावे लागते.

हा प्रश्न आता परदेशस्थांपुरताही राहिलेला नाही. मुंबईत बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगर येथील कार्यक्रमातून केले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची या टर्मिनलची क्षमता सांगितली जाते. त्याआधी एक वर्ष, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ मुंबईतूनच सुरू केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे जी चर्चा आज एडिसनमधील स्वयंपाकघरात चालते, ती उद्या डोंबिवलीत आणि कोथरूडमध्ये चालणार आहे. तेव्हा हा धंदा जेथे सर्वाधिक मुरलेला आहे, तेथील हिशेब आधी समजून घेणे शहाणपणाचे ठरेल.

उदाहरणादाखल डिस्नेच्या बोटी घेऊ. लहान मुलांच्या कुटुंबांत त्या सर्वाधिक प्रिय आहेत आणि महागही. १९९८ साली ‘डिस्ने मॅजिक’ या बोटीने सुरू झालेला हा ताफा नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘डिस्ने डेस्टिनी’ दाखल झाल्यावर सात बोटींचा झाला. नोव्हेंबरच्या पूर्वार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या त्यांच्या फेऱ्यांना ‘व्हेरी मेरीटाइम’ असे कोटीबाज नाव आहे. बोटीच्या मधल्या प्रशस्त दालनात तीन मजले उंचीचे नाताळचे झाड उभे राहते, त्याचे दिवे उजळण्याचा सोहळा होतो, केक-बिस्किटांचे घर मांडले जाते, मिकी आणि मिनी लाल-पांढऱ्या पोशाखात मुलांना भेटतात, गाणी होतात. बहामातील कॅस्टअवे के या कंपनीने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या बेटावरही ही सजावट असते. उन्हात, वाळूवर, नारळीच्या झाडाखाली नाताळ हा प्रकार अमेरिकेच्या उत्तरेकडील माणसाला अपूर्वाईचा वाटतो. गोव्याचा नाताळ पाहिलेल्या मराठी माणसाला तो तितकासा वाटू नये.

आता भाड्याचे पाहू. विमानातील रिकामी खुर्ची आणि बोटीतील रिकामी केबिन या दोन्ही वस्तू प्रवास सुरू झाल्याबरोबर कवडीमोल होतात. ‘डिस्ने विश’ या बोटीवर १,२५४ केबिन आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मागणी तिप्पट झाली तरी त्या १,२५४च राहणार. गणपतीला गर्दी झाली की आपले एस.टी. महामंडळ जादा गाड्या सोडते. बोटीला जादा डबा जोडता येत नाही. वाढवता येते ते फक्त भाडे, आणि ते वाढवले जाते. शाळांना सुटी असलेल्या नाताळच्या आणि नववर्षाच्या आठवड्यांचे भाडे वर्षातील सर्वोच्च भाड्यांपैकी असते. त्याखालोखाल थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारचा, आठवडा.

पण या दोन सुट्यांच्या मध्ये दोन-अडीच आठवड्यांचा एक खळगा आहे. थँक्सगिव्हिंग उलटलेले असते, मुले शाळेत असतात, लोकांनी नुकताच एक प्रवास केलेला असतो आणि पुढच्या प्रवासासाठी पैसे राखून ठेवलेले असतात. या काळात बोटीवर झाड तेच, गाणी तीच, मिकीचा पोशाख तोच, बेटही तेच. भाडे मात्र बरेच खाली आलेले असते. हा फरक कित्येकदा कुटुंबाची विमानाची तिकिटे त्यातून निघावीत एवढा असतो. नाताळच्या प्रत्यक्ष दिवशी प्रार्थना, सांताचे आगमन असे काही वेगळे कार्यक्रम होतात, हे खरे. जे कुटुंब श्रद्धेने नाताळ साजरा करते, त्याला त्या दिवसाचे मोल निराळे असणारच. परंतु गणपती-दिवाळी करणाऱ्या आणि नाताळची केवळ मौज घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाने २५ तारखेसाठी एवढा अधिभार का भरावा, याचे उत्तर ‘तेव्हाच सुटी असते’ यापलीकडे सापडत नाही. सणाच्या बोटीचे भाडे म्हणून आपण जे मोजतो, त्यातील मोठा हिस्सा सणाचा नसून शाळेच्या वेळापत्रकाचा असतो.

त्या वेळापत्रकाला काही फटी आहेत. न्यू जर्सीतील शिक्षक संघटनेचे अधिवेशन दरवर्षी नोव्हेंबरच्या प्रारंभी अटलांटिक सिटीत भरते आणि त्या गुरुवार-शुक्रवारी राज्यातील सरकारी शाळा बंद असतात. ही सुटी फ्लोरिडातील पर्यटन व्यवसायाला इतकी पाठ झाली आहे, की तिला तिकडे ‘जर्सी वीक’ म्हणतात. म्हणजे ती फटही आता पूर्वीइतकी मोकळी नाही. राहिला मार्ग शाळा बुडवण्याचा. मराठी घरात हे वाक्य उच्चारणेही अवघड. दुसरी-तिसरीतल्या मुलाचे डिसेंबरातील तीन दिवस बुडाल्याने त्याचे काही बिघडणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आठवी-नववीतल्या मुलीची गोष्ट वेगळी. तिच्या परीक्षा आणि प्रकल्प त्याच आठवड्यांत असतात आणि परतल्यावरचे चार दिवस सर्वांनाच भोगावे लागतात.

मुंबई-पुण्याहून थेट जाणाऱ्यांसाठी एक योग मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते, त्या वर्षी आपल्या शाळांची सुटी आणि या नाताळ-फेऱ्यांचा आरंभ जवळजवळ एकत्र येतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अर्थात फराळाचा डबा उघडून समोर नाताळचे झाड पाहण्याची तयारी हवी, आणि वादळांचा मोसम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरपर्यंत असतो याचीही जाणीव हवी.

भाडे हा हिशेबाचा पहिला भाग झाला. दुसरा भाग बोटीवर पाऊल ठेवल्यानंतर सुरू होतो, आणि येथेच बहुतेक कुटुंबांचा अंदाज चुकतो. या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांचे जमाखर्च सार्वजनिक असतात. रॉयल कॅरिबियन समूहाचे २०२४ मधील एकूण उत्पन्न सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर होते आणि त्यातील जवळजवळ पाच अब्ज तिकिटांतून नव्हे, तर बोटीवरील विक्री व इतर मार्गांतून आले. कार्निव्हल समूहाच्या सुमारे २५ अब्ज डॉलरपैकी हा वाटा साडेआठ अब्जांच्या आसपास होता. म्हणजे प्रवाशाने दिलेल्या दर तीन डॉलरमागे साधारण एक डॉलर तिकिटाबाहेरचा. मद्य, जुगारखाना, छायाचित्रे, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, मसाज, वेगळी उपाहारगृहे अशा कप्प्यांतून तो गोळा होतो. डिस्नेच्या बोटींवर जुगारखाना नाही. तेथे त्याची जागा राजकन्येच्या वेशभूषेचे दुकान घेते. सहा वर्षांच्या नातीला त्या दुकानासमोरून तीन वेळा नेऊन एकदाही आत न नेणे कोणत्या आजोबांना जमेल?

याच ताळेबंदातील आणखी एक आकडा उद्बोधक आहे. २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियनच्या बोटी १०८ टक्क्यांहून अधिक भरलेल्या होत्या. शंभराहून अधिक टक्के कशा, असे कोणीही विचारील. केबिनमागे दोन माणसे धरून शंभर टक्के मोजण्याची या धंद्याची रीत आहे. तिसरा-चौथा पलंग भरला की आकडा शंभरावर जातो. हे पलंग भरणारी बहुधा मुले असतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे सामान्यत: कमी असते, म्हणून दोन मुलांच्या कुटुंबाचा माणशी खर्च खाली येतो. उलट, एकटी आई आणि एक मूल गेले तर त्यांना दोन पूर्ण भाडी मोजावी लागतात. तेव्हा ‘अमुक कुटुंबाला परवडले’ हा दाखला फारसा उपयोगाचा नाही. आधी त्या कुटुंबात माणसे किती होती ते पाहावे.

मग बक्षिसीचा प्रश्न. डिस्नेने जानेवारी २०२५ पासून साध्या केबिनसाठी माणशी रात्रीला १६ डॉलर अशी बक्षिसी सुचवलेली आहे, आणि ती मुलांनाही लागू आहे. चौघांच्या कुटुंबाचे सात रात्रींचे ४४८ डॉलर, म्हणजे ९० च्या दराने चाळीस हजार रुपये झाले. भाड्याच्या मोठ्या आकड्यासमोर ते दिसत नाहीत, एवढेच. ही रक्कम टाळण्याच्या युक्त्या काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जगभरच्या प्रवासी बोटींवर गोव्याचे आणि मुंबईचे तरुण स्वयंपाकघरात, भोजनगृहात आणि केबिनसेवेत मोठ्या संख्येने काम करतात. सासष्टी आणि बार्देशातील कितीतरी घरे या नोकरीवर उभी राहिली आहेत. आपण ज्या रात्री झाडाखाली गाणी ऐकत असतो, त्या रात्री त्यांच्या घरी त्यांच्यावाचून नाताळ होत असतो. सलग कित्येक महिन्यांच्या कराराने राबणाऱ्या या माणसांच्या मिळकतीत बक्षिसीचा वाटा मोठा असतो. सहलीच्या खर्चात काटकसर कोठे करावी, तर येथे नक्कीच नव्हे.

एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटेल, की ही लूटच आहे. पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतोच. घरी बसण्याशी तुलना केली, तर कोणतीही सहल महागच. नाताळात फ्लोरिडाला जाणारे कुटुंब बोटीवर गेले नाही, तर बहुधा ऑर्लँडोच्या डिस्ने उद्यानांत जाते. तेथील मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे, एका माणसाचे तिकीट २०२५ च्या नाताळात १९९ डॉलरपर्यंत पोहोचले होते. त्यात ना खोली, ना जेवण. आणि रांगांत उभे राहणे मात्र भरपूर. बोटीच्या भाड्यात राहणे, तिन्ही वेळचे खाणे, नाट्यप्रयोग, पोहण्याचे तलाव आणि तीन वर्षांवरील मुलांसाठी दिवसभर चालणारी खेळघरे ही सारी धरलेली असतात. (तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघराचे पैसे तासावर पडतात.) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजी-आजोबांना रोज सामान बांधावे लागत नाही, गुडघे दुखले तर खोली दोन मजल्यांवर असते, आणि नातवंडे दिवसभर हुंदडून जेवणाच्या वेळी टेबलावर परत येतात. तीन पिढ्यांना एकत्र ठेवून प्रत्येकीला आपापल्या गतीने जगू देणारी अशी दुसरी व्यवस्था सहज आठवत नाही. शाकाहाराची चिंता तर आता जवळपास मिटल्यासारखीच आहे. आधी कळवले तर वरण-भातापर्यंत मजल जाते. स्वयंपाकघरात आपलाच कोणी असण्याची शक्यता वर सांगितलीच.

खर्च कमी करण्याची जागा केबिनची आहे. सजावट, कार्यक्रम, जेवण हे सारे केबिनबाहेर असते. सज्जाची खोली घेतली म्हणून झाड अधिक उंच दिसत नाही. डिस्नेने २०११ मध्ये ‘ड्रीम’ या बोटीवर खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये बाहेरच्या समुद्राचे चित्र दाखवणारी पडद्याची गोल खिडकी बसवली, आणि मुलांना ती खऱ्या खिडकीपेक्षा आवडते असा अनुभव सांगितला जातो. सज्जाचे जादा पैसे सार्थकी लागतात ते एकाच प्रसंगी : आजी-आजोबा पायऱ्या-गर्दी टाळून बराच वेळ खोलीत घालवणार असतील तेव्हा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी आणखी एक पर्याय पाहावा. बेयोन येथील केप लिबर्टी बंदरातून रॉयल कॅरिबियनच्या बोटी सुटतात. विमानाचे सहा-सात जणांचे भाडे वाचते. मात्र पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस उत्तरेच्या थंड समुद्रात जातात, आणि तेव्हा डेकवर शालीत गुंडाळून बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

यानंतरचा मुद्दा पैशांचा नाही, परंतु तो चुकला तर सर्वांत महाग पडतो. बोट फ्लोरिडातून सुटते आणि फ्लोरिडातच परतते, म्हणून अनेकांना आपण देशाबाहेर जात आहोत हे जाणवतच नाही. प्रत्यक्षात परदेशी ध्वजाच्या बोटीने केवळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करण्यास १८८६ च्या एका कायद्याने मनाई असल्याने अशा बहुतेक फेऱ्यांत एखादे परदेशी बंदर असतेच. बहामाच्या बेटावर पाय ठेवून परतणे म्हणजे अमेरिकेत नव्याने प्रवेश करणे. एच-वन-बी परवान्यावर काम करणाऱ्या ज्यांच्या वास्तव्याची मुदत वाढली आहे, पण पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपलेली आहे, त्यांच्यासाठी येथे धोका आहे. अशा स्थितीत कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परतण्याची सवलत आहे. बेटांसाठी ती सवलत एफ आणि जे प्रवर्गातील विद्यार्थी व अभ्यागतांना आहे, एच-वन-बी धारकांना नाही. नोंदणी करताना ही गोष्ट कोणी आपणहून सांगेलच असे नाही. आई-वडिलांचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, आणि त्यांच्यासाठी काढलेला आरोग्यविमा अमेरिकेबाहेर, समुद्रावरही लागू आहे ना, हेही पैसे भरण्यापूर्वी पाहावे. बोटीवरच्या डॉक्टरचे बिल रोखीचे असते.

हवामानाची हमी तर कोणीच देत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्यांची लाट आली की बहामाच्या लहान बेटांवर बोट धक्क्याला लावणे अवघड होते आणि तो मुक्काम रद्द होतो. करारात तशी मुभा कंपनीने ठेवलेली असते. प्रवाशाला मिळतो तो फार तर बंदरशुल्काचा परतावा. ज्यांना बोट लागते, त्यांनी मधल्या आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. वरच्या मजल्यांवरच्या महाग खोल्या अधिक डोलतात, हा या व्यवहारातील एकमेव न्याय म्हणावा लागेल.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सणासुटीला बोटीने जाणे मराठी माणसाला नवे नाही. रस्ता धड नव्हता त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी चाकरमान्यांना होळीला आणि मे महिन्यात कोकणात नेत. डेकवर वळकट्या पसरल्या जात, बंदर आले की पडावात उतरावे लागे, आणि बोट लागलेल्या पोरांना आवळकाठी चघळायला दिली जाई. फरक इतकाच, की ती बोट माणसांना सणाकडे घेऊन जायची. आजची बोट सणच विकते. त्या आगबोटी बंद पडल्यावर मुंबईला क्रूझची चव लावण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ आली आणि गेली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, तीही टिकली नाही. एप्रिल २०१९ मध्ये आलेली ‘कर्णिका’ करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, अलंगच्या भंगार किनाऱ्यावर पोहोचली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ चालते. ही बोट १९९० सालची आहे, आणि तिच्या जोडीला ‘नॉर्वेजियन स्काय’ व ‘नॉर्वेजियन सन’ या आणखी दोन बोटी भाडेकरारावर घेत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

मुंबईच्या बोटीला एक सोय आहे जी फ्लोरिडाला नाही : देशी बंदरांच्या फेरीला व्हिसा नको, डॉलर नको, विमान नको. दिवाळी आणि नाताळ हे दोन्ही सण पावसाळ्यानंतरच्या हंगामात येतात, त्यामुळे तारखेचा अधिभार येथेही लागतो. मात्र येथे निवडीला वाव थोडा, कारण बोटीच कमी. आणि वरील यादीवरून एक खबरदारी उघड आहे. कंपन्या येतात-जातात, म्हणून सवलतीच्या मोहाने वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरण्याचे धाडस करू नये.

तिसरा पर्याय सिंगापूरचा. ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ ही दोन लाख टनांहून मोठी आणि सुमारे ६,७०० प्रवाशांची बोट मुळात गेंटिंग समूहासाठी जर्मनीत बांधली जात होती. मुंबईत ‘लिब्रा’ आणणारा समूह तोच. २०२२ च्या आरंभी ते गोदी-उद्योगासह दिवाळखोरीत गेले आणि अर्धवट बोट डिस्नेने विकत घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये होणारी तिची पहिली फेरी मार्च २०२६ वर ढकलली गेली, तेव्हा पहिल्या नाताळसाठी आरक्षण केलेल्या कुटुंबांना सुटीचे सारे बेत पुन्हा आखावे लागले. तीन-चार रात्री कोणत्याही बंदराला न लागता समुद्रात फिरून परतणारी ही सहल आहे. मुंबईहून जाणाऱ्या कुटुंबासाठी ती फ्लोरिडापेक्षा जवळ आणि लहान. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी आगाऊ कर कापते. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर गेलेला असतो तो आपल्याच खिशातून, हे अंदाजपत्रकात धरावे.

तर मग जावे की नाही? घरात पाच ते दहा वर्षांचे मूल असेल, आजी-आजोबांना अजून हिंडता येत असेल आणि त्यांना पुन्हा एवढे लांब येणे होईल की नाही याची शंका असेल, तर चार रात्रींची, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, आतल्या केबिनची फेरी पैसे वसूल करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले चौदा-पंधराची झाली असतील आणि सुटी फक्त नाताळच्या आठवड्यातच मिळणार असेल, तर त्याच रकमेत याच बोटीवर जुलै-ऑगस्टात किंवा बोट सोडून इतरत्र अधिक दिवस काढता येतात; मिकीच्या लाल टोपीचे त्या वयात फारसे अप्रूप नसते. आणि ज्या घरात ही सहल हप्त्यांवर काढण्याचा विचार चालला असेल, तेथे आजोबांच्या बाजूने मत द्यावे लागेल. झाड जानेवारीत उतरवले जाते. हप्ते पुढच्या गणपतीपर्यंत चालतात.

भाडे विचारताना मात्र एका तारखेचे कधीच विचारू नये. एकाच बोटीच्या, एकाच प्रकारच्या केबिनच्या दोन तारखा घ्याव्यात, एक नाताळच्या आठवड्यातली आणि एक त्याच्या तीन आठवडे आधीची. दोन्हींवर बक्षिसी, विमान, बंदरापर्यंतची गाडी आणि बोटीवरच्या किरकोळ खर्चासाठी भाड्याच्या तीस टक्के रक्कम चढवावी, आणि तो कागद जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर ठेवावा. आजोबांनाही तेव्हा बोलायला काहीतरी मिळते, आणि अनेकदा असे होते, की स्वस्त तारखेचा आकडा पाहून तेच आधी विचारतात, शाळेला किती दिवसांची चिठ्ठी द्यावी लागेल.